चार नंबरच्या खाटेवरच्या घुम्या पोरी

हे मी लिहिणारच नव्हते. रखमामावशीच्या घरात एक नियम आहे, ‘खाटेचं खाटेला’, आणि हे लिहिणं म्हणजे तो नियम चारचौघांत मोडणं. पण ज्या दोघींचं हे आहे त्या दोघींना विचारलं. एक म्हणाली, “लिही, माझं नावपण टाक.” दुसरी म्हणाली, “लिव गो, पन मना चांगली करून लिवू नको.” म्हणून एका दमात लिहितेय, नाहीतर परत हिंमत जाईल. यातली ऋतिका म्हणजे मीच, पण गोष्ट माझी नाही, त्यामुळे तिला जरा लांबच ठेवते.

तर रखमाबाई घरत. वय साठ की बासष्ट, तिलाही नक्की माहीत नाही. नवघरच्या गावठाणात चारी बाजूंनी टॉवर आणि मधे तिचं एक मजली घर. सासऱ्यांचं मीठ पिकायचं, नवरा दत्ताराम स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होता. तो गेल्यावर तिनं वरच्या दोन खोल्यांत सहा लोखंडी खाटा टाकल्या आणि नोकरीच्या, कॉलेजच्या पोरी ठेवायला लागली. प्रत्येक खाटेला नंबर आणि प्रत्येक खाटेखाली एक पत्र्याचं बिस्किटाचं खोकं.

खोक्याचं असं आहे की जाणारी पोरगी येणाऱ्या पोरीला एक पत्र लिहून ठेवते. कोण येणार ते माहीत नसतं, तरी लिहायचं. कुठला नळ कधी जातो, कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी का जाऊ नये, रडायला कुठली जागा बरी (गच्चीवर टाकीमागे). जुनी पत्रं फेकायची नाहीत, आणि दुसऱ्या खाटेचं खोकं उघडायचं नाही. खुद्द मावशीनंसुद्धा नाही. खाटेचं खाटेला.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं? ती सतराची असताना काशीगावातून लग्न होऊन नवघरला आली. दहा किलोमीटरसुद्धा नाही, पण पहिल्या आठवड्यात तिनं खाऱ्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला टाकली आणि ती शेवटपर्यंत शिजली नाही, अख्ख्या घरासमोर. “कोनी आदी सांगलं असतं तर?” ती म्हणते. “या घरात माज्या आदी पन कोनीतरी नवरी व्हतीच ना. चिट्टी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?” मावशी चौथी शिकलेली आहे. वाचते बोट फिरवून, लिहिते त्याहून हळू.

सहाच्या सहा खाटांवर तिचा जीव. पण चार नंबर तिला पाच-सहा वर्षं छळत होती. बाकीच्या पोरी येऊन महिना होत नाही तोवर स्वयंपाकघरात ठाण मांडून सगळं सांगतात, ऑफिसातला बॉस, घरचं स्थळ, पाळीची दुखणी. चारची पोरगी मात्र वेळेवर जेवणार, ताट धुणार, “थँक्यू मावशी” म्हणणार आणि वर जाणार. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, सगळ्या तशाच. घुम्या.

मावशीनं ठरवलं की दोष खाटेचा आहे. आधी खाट उत्तर-दक्षिण केली, मग पूर्व-पश्चिम. पायाला लिंबू-मिरची बांधली. गादी बदलली. दारात मासळी घेऊन येणारी विमलाबाई म्हणाली, लोखंडाला दोष लागतो, तर चारही पायांखाली नवी फरशी बसवली. यानंतर आली ऋतिका, जी कॉलेजात लेक्चर चालू असतानाही बोलते, बसमध्ये अनोळखी बाईला स्वतःचं ब्रेकअप सांगते. मावशी खूश. पण महिना गेला, दोन गेले. ऋतिकापण “थँक्यू मावशी”.

“तुजं तोंड बाहेर चालतं आनि माज्यासमोर शिवलेलं,” मावशी एकदा म्हणाली. “मी काय वाघ हाय?”

ऋतिका हसली आणि ताट धुवायला गेली. तिला कारण माहीत होतं. खोक्यात होतं.

मग तो रविवार. ऋतिकाचा हिस्ट्रीचा प्रोजेक्ट होता, अमेरिकेतल्या तरुण मुलींची पत्रं, दोनशे वर्षांपूर्वीची. वर खोलीत बाकीच्यांनी पिक्चर लावलेला म्हणून ती खाली स्वयंपाकघरात नोट्स घेऊन बसली. मावशी जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होती.

“काय वाचतेस गो? मोठ्यानं वाच, मनापन टाईमपास.”

ऋतिका आपल्या भाषेत सांगायला लागली. शेतावरच्या पोरी, पंधरा, सोळा, वीस वर्षांच्या. घर सोडून गिरणीच्या गावात आल्या, कापड विणायला. गिरणीचीच घरं, एका खोलीत सहा-सहा जणी, एका खाटेवर दोघी. पहाटे घंटा. रात्री दहाला दार बंद. वेळ मिळेल तेव्हा घरी पत्रं लिहायच्या, गाय व्यायली का, धाकटीला इकडे पाठवू नकोस, किंवा पाठव, पण जाड चपला देऊन. पत्र टपालानं महाग पडायचं म्हणून गावाकडं कुणी निघालं की त्याच्या हाती द्यायचं. आणि पत्र आलं की अख्खं घर बसून ऐकणार, त्यामुळे मनातलं काही असेल तर ते मैत्रिणीलाच.

“आनि जेवनखान?”

“एक बाई असायची ना प्रत्येक घराला. विधवाच जास्त करून. ती रांधायची, घर सांभाळायची.”

मावशीचा हात थांबला. “ही तर मीच झाली.”

“हो ना, सेम.”

“नाव काय तिचं?”

ऋतिकानं पानं उलटली. पोरींची नावं होती, गिरणीमालकांची तर होतीच. घर सांभाळणाऱ्या बाईचं एकही नाव तिच्या नोट्समध्ये नव्हतं. फक्त एक वाक्य होतं, आणि ते तिनं विचार न करता वाचून टाकलं. “पोरींच्या वागणुकीचा रिपोर्ट या बाईनं गिरणीच्या ऑफिसात द्यायचा.”

“रिपोर्ट म्हंजे?”

“म्हणजे कोण कुठं गेली, कोणाबरोबर फिरली...”

“चुगली,” मावशी म्हणाली.

जवळ्याचं ताट तिनं बाजूला सरकवलं. ऋतिकाला वाटलं आता उठेल, पण ती बसून राहिली. मग म्हणाली, “चारच्या खोक्यात माजं काय लिवलंय?”

“मावशी, खाटेचं खाटेला.”

“वाचू नको. एवडंच सांग. मृणालिनीचं हाय?”

ऋतिका खोटं बोलण्यात कच्ची आहे, हे तिच्या आईलाही माहीत आहे. ती नोट्सची पानं उगाच जुळवायला लागली. आणि मावशीला उत्तर मिळालं. सहा वर्षं ती खाट फिरवत होती, फरशा बसवत होती.

मृणालिनी पालघरकडची, सहा वर्षांपूर्वी चारच्या खाटेवर होती. लॅबमध्ये नोकरी आणि संध्याकाळी बीएस्सी, शेवटचं वर्ष. मावशीची सगळ्यात लाडकी. एकदा मावशीनं तिला जेसल पार्कच्या खाडीकिनारी लॅबमधल्या धर्मेश नावाच्या मुलाबरोबर बघितलं, एका प्लेटमध्ये शेवपुरी खाताना. घरी आली आणि मृणालिनीच्या वडिलांना फोन लावला. “पोरीवर लक्ष ठेवा,” एवढंच म्हणाली. परक्याची पोर आपल्या छपराखाली, जबाबदारी आपली, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी वडील टेम्पो घेऊनच आले. परीक्षा अकरा दिवसांवर होती, ती राहिलीच. दोन वर्षांनी विमलाबाईनं सांगितलं, “तुजी ती पोरगी चेण्याला दिली, उत्तम म्हणून हाय, झाडांची नर्सरी हाय त्यांची.” म्हणजे चार वर्षं मावशीला पत्तापण माहीत होता.

मावशीनं ऋतिकाकडे बघितलं. “उद्या सकाळी जायचं. तू चल.”

“मला लेक्चर आहे.”

“बसतेस कवा तू लेक्चरला?”

“आणि ती बोललीच नाही तर? हाकललं तर?”

“हाकलंल. हाकलून घ्यायला तरी जायला पायजे ना.”

सकाळी आठला मावशी तयार. इस्त्रीचं डाळिंबी लुगडं, डोक्यात अबोली, पिशवीत सुके बोंबील. मृणालिनीला आवडायचे. रस्त्यावर येऊन तिनं रिक्षा थांबवली, “भैया, चेना चलोगे? घोडबंदर साईड?” तो नाही म्हणाला. दुसरा नाही म्हणाला. ऋतिका म्हणाली, जाऊ दे मावशी, रविवारी जाऊ. मावशीनं ऐकलंच नाही, तिसऱ्या रिक्षाच्या समोर जाऊन उभी राहिली. “चलना तो पडेगा भैया. छे साल लेट हुआ है.” तो बिचारा काही न कळून निघाला.

नर्सरी हायवेला लागूनच होती. मृणालिनी हातात पाईप घेऊन मोगऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होती. ओळखलं तिनं लगेच. पाईप बंद केला नाही.

“रोप घ्यायचंय का मावशी? मोगरा आहे, जास्वंद आहे.”

“रोप नको.”

“मग?”

“मी फोन केलेला. तुज्या बापाला.”

“माहितीये. बाबांनी सामान बांधतानाच सांगितलं.”

“मना वाटलं...” मावशी थांबली. पूर्ण रस्ताभर ती हेच वाक्य जुळवत आली होती, ऋतिकानं ऐकलं होतं, मना वाटलं परक्याची पोर, मना वाटलं जबाबदारी. ते सगळं तिनं तिथं टाकून दिलं. “न्हाय. वाटलं-बिटलं ऱ्हाऊ दे. तुना न विचारता केला. तुजी परीक्षा गेली. माज्यामुळं गेली.”

पाणी एका कुंडीतून वाहून मावशीच्या चपलांपर्यंत आलं. ती सरकली नाही.

“नवघर ते इथं किती होतं?” मृणालिनीनं विचारलं. “दहा-बारा किलोमीटर? सहा वर्षं लागली तुम्हाला. चालत आलात का?”

ऋतिकाला हसू आलं, तिनं दाबलं. मावशी म्हणाली, “रांगत.”

आता मृणालिनीनं पाईप बंद केला. “माझं पत्र फाडलंत?”

“हातसुदा लावला न्हाय. वाचलंपन न्हाय. पन कळलं.”

“कसं कळलं?”

“पोरी बोलत न्हायत ना माज्याशी. मी खाट फिरवीत बसले.”

“खाट फिरवत?”

मग मावशीनं लिंबू-मिरची, गादी, फरशी सगळं सांगितलं, विमलाबाईच्या लोखंडाच्या दोषासकट. मृणालिनी हसली. मनापासून हसली, आणि हसून झाल्यावर तिचा चेहरा परत होता तसा झाला. “मी रागात लिहिलेलं,” ती म्हणाली. “पण खोटं नाही लिहिलं. मी ते काढायला नाही सांगणार.”

“काढ म्हणाया मी आलेच न्हाय. ऱ्हाऊ दे तितंच. मी खाली चार ओळी लिवल्या तर चालंल?”

“खाट तुमची नाही. ज्याची खाट त्यानंच लिहायचं, नियम तुमचाच.”

“म्हनून तर तुना विचाराया आले.”

मृणालिनी बराच वेळ कुंडीतली माती बोटानं दाबत बसली. मग म्हणाली, “लिहा. पण माझ्या पत्राच्या खाली. वर नाही.”

मावशीनं पिशवी पुढे केली. मृणालिनीनं उघडून वास घेतला, डोळे मिटून, मोठा श्वास घेऊन, आणि पिशवी परत दिली. “सासरी माळकरी आहेत. घरात नाही चालत.” चहापण नाही विचारला. निघताना फक्त म्हणाली, “चारच्या खिडकीतून मिठागर दिसतं का अजून?”

“थोडं. मधी एक बिल्डिंग आली.”

“हं,” मृणालिनी म्हणाली आणि पाईप परत सुरू केला.

रिक्षात मावशी ताठ बसलेली. बोंबलाची पिशवी मांडीवर. घरी आल्या आल्या लुगडं न बदलता तिनं वही मागितली. दुपारी दोनला बसली ती साडेपाचला उठली. चार ओळी. ऋतिकानं त्या खोक्यात ठेवल्या, मृणालिनीच्या पत्राच्या खाली, सांगितलं तसं. त्या ओळी अशा:

‘वर लिवलंय ते खर हाय. मी चुगली केली. पोरीचं वरीस गेल. आता करनार न्हाय. केली तर ह्याच खोक्यात लिवून ठेवा, सगल्यांनी वाचा. रखमाबाई.’

ऋतिकानं ते वाचलं आणि तिला राहवलं नाही. तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, ती बोलून गेली की तिला मागच्या सेमिस्टरला दोन विषयांत नापास होऊन केटी लागलीय आणि आईला सांगितलं नाहीये.

मावशीचा हात फोनकडे गेला. खरंच गेला, सवयच ती. फोन उचलला, बघितला. मग तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, फोन आत तांदळात खुपसला आणि झाकण घट्ट लावलं.

“बस,” ती म्हणाली. “कुटले दोन?”

प्रोजेक्ट ऋतिकानं दिला. सरांनी लाल पेनानं विचारलंय, शेवटच्या पानावर ‘त्या घर सांभाळणाऱ्या बायांची नावं मिळाली नाहीत, पण एक नाव मला माहीत आहे’ असं का लिहिलंय, संदर्भ कुठाय. संदर्भ नवघरला आहे सर.

आणि तुम्ही. तुम्हीपण कधीतरी कुणा बाईच्या घरात एका खाटेपुरते राहिला असाल, शिकताना, नोकरीला लागल्यावर. तिनं रांधलं असेल, दार बंद केलं असेल, कदाचित चुगलीपण केली असेल. तिचं नाव आठवतंय का बघा. आठवत असेल तर या आठवड्यातच जाऊन भेटा. भांडायचं असेल तर भांडायला जा, पण जा. रांगत नका जाऊ.