गोठलेला गालील

माझी शेवटची पोस्टिंग कॅनडातलं मार्कहॅम. हुकूम सूनबाईंचा, रेशन मुलाचं, ड्युटी बर्फ शोव्हल करण्याची. सुभेदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा बर्फाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवलं होतं. पण ठरवणारे आपण कोण.

मार्थाबाई साळवे शेजारच्या वॉनला मुलीकडे राहतात. वय चौऱ्याऐंशी, मूळच्या नगरकडच्या. त्यांचा मुलगा नाईक शमुवेल साळवे माझ्या सेक्शनमध्ये होता. बावीस वर्षांपूर्वी हिमनदीवर गेला. त्याची ट्रंक मीच घरी पोचवली. त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणतो. तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "शेवटी कोण होतं रे त्याच्याजवळ?" मी म्हणालो, "कल्पना नाही, आई." ते खोटं होतं. खरं सांगायचं तर माझी चूकही सांगावी लागली असती.

यंदा चर्चबरोबर त्यांची पवित्र भूमीची यात्रा ठरली होती. गालीलच्या समुद्राकाठी उभं राहून देवाला तोच प्रश्न विचारायचा होता. तिकडे लढाई पेटली, यात्रा रद्द झाली. भरलेली बॅग तशीच राहिली.

"शंकर, तिकडचं राहू दे," आई म्हणाल्या. "इथे काय आहे ते दाखव."

मोहिमेआधी आम्ही वाळूत मुलूख मांडायचो. इथे रूथच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, डायनिंग टेबलावर मांडला. पोह्यांची बशी म्हणजे तळं, साखरेचा डबा म्हणजे टेकडी. सकाळी नऊला गोठा, ते बेथलेहेम. अकराला गोठलेलं तळं, तो गालील. दोनला तीन क्रूस असलेली टेकडी, ती कालवरी.

"काका, आईचा गुडघा रिप्लेस झालाय," रूथ म्हणाली. "उद्या मायनस फोर्टीन आहे."

"विंटर टायर आहेत ना?"

"गाडीला आहेत. आईला नाहीत."

गोठ्यावर पोचलो नऊ वाजून पाच मिनिटांनी. उशीर वॉशरूममुळे. शेतकरी रूथच्या ओळखीचा, त्याने दार उघडून दिलं. आई वासराच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि रडल्या. "इतकी ऊब असते होय," म्हणाल्या. "मला वाटायचं, लेकरू गारठलं असेल." त्या कुठल्या लेकराबद्दल बोलत होत्या, मला कळलं. मी बाहेर बघत राहिलो.

तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. एक जण भोक पाडून बसला होता. बर्फ किती जाड, मी विचारलं.

"फोर्टीन इंचेस, बडी. यू कॅन ड्राइव्ह अ ट्रक."

तरी मी दोर काढला. एक टोक आईंच्या कमरेला, एक माझ्या. रूथ काठावर थांबली. पुढे मी. लोखंडी काठी टोचून बर्फ पक्का आहे ना बघायचं, मग पाऊल टाकायचं.

"ट्रक चालतो म्हणाला ना तो?" आईंनी विचारलं. "मग काय टोचत बसलायस?"

मी थांबलो. हिमनदीवर दोनदा पाय ठेवला, पण तोंड उघडायला इतका जोर कधी लागला नव्हता. वळलो आणि रिपोर्ट देतात तसं सगळं सांगितलं.

आम्ही पाच जण, एका दोरावर. नियम एकच, टोचल्याशिवाय पाऊल नाही. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि आम्हाला उशीर झाला होता. शमुवेल पुढे होता. सात पंचवीसला त्याने विचारलं, "साब, टोचून बघू?" मी तेव्हा हवालदार, हुकूम माझा. म्हणालो, "वेळ नाही. चल." चौथ्या पावलाला बर्फ फुटला आणि तो खालच्या भेगेत गेला.

मी वायरलेस उचलला. "चार्ली टू अल्फा. वन मॅन डाऊन. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

तळावरून उत्तर आलं, "वेदर खराब. वेट. आउट."

आठ पाचला त्याला वर ओढला. श्वास चालू होता. डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने विचारलं, "बाकीचे वर आहेत ना, साब?" मी हो म्हणालो. आठ दहाला गेला.



"गालीलवर पेत्र बुडायला लागला तेव्हा येशूने हात दिला," आई म्हणाल्या. "माझ्या लेकराला कोणी दिला, हे विचारायला मी विमानाने जाणार होते. आणि तू मार्कहॅमला बसून होतास."

त्यांनी कमरेच्या गाठीला हात घातला.

"दोर सोड."

"काठावर सोडतो, आई."

दोनला टेकडी. रूथ म्हणाली, गाडीतूनच बघू. आई उतरल्या. एकेका पायरीवर दम खात चढल्या. माझा हात घेतला नाही. मी दोन पायऱ्या मागे राहिलो, पडल्या तर झेलायला. वर क्रुसाला हात लावून त्या वळल्या. "तुझा राग आलाय मला. जाईल की नाही, माहीत नाही. पण आज झोप लागेल."

घरी आल्यावर त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. पहिल्या पानावर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले. शमुवेलच्या नावापुढे नुसती तारीख. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"लिही. चूकही लिही. आणि खाली सही."

लिहिलं. हुद्दा तेव्हाचाच घातला.

"आता वाच."

मी उभा राहिलो आणि वाचलं. "नाईक शमुवेल साळवे. मी टोचू दिलं नाही म्हणून पडला. सकाळी आठ दहाला गेला. बाकीचे चौघे सुखरूप आहेत का, एवढंच विचारलं. एकटा नव्हता. हवालदार शंकर मोरे."