कौल माझ्याविरुद्ध लागला

वळेसर माझ्याच हातचा होता. अबोलीचा. आमच्याकडे अबोलीच्या गजऱ्याला वळेसर म्हणतात. पहाटे उठून फुलं खुडली होती, केळीच्या वाखात दाटून गुंफली होती. जावेच्या मुलीचा चुडा होता त्या दिवशी. लग्नाच्या आधी नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरतात, तो सोहळा. कांकणकार ओसरीवर मांडी घालून बसला होता. पोरीचा एक हात भरून झाला होता.

मी पुढे झाले. पोरीच्या केसांत वळेसर माळणार, तोच जावेनं तो माझ्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही. सावकाश काढून घेतला, लहान पोराच्या हातातून विळी काढून घ्यावी तसा. तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. मग तो शेजारणीच्या हातात दिला.

"तू माळ गो," ती शेजारणीला म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, "तू मागीलदारी जावन बस. जेवाण थंयच धाडतंय."

ओसरी बायकांनी भरलेली. कांकणकाराचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. त्या पोरीला मी न्हाऊमाखू घातलेलं. तिची आई आजारी असायची तेव्हा ती माझ्याच कुशीत निजायची. तिनं मान खाली घातली.

मी मागीलदारी गेले. भांडी घासायच्या दगडापाशी बसले. पान आलं, जेवले. आत बायका हसत होत्या. माझ्या फुलांचा वास मला तिथवर येत नव्हता, अबोलीला वासच नसतो. पण मला वाटत होतं की येतोय.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं, बांद्याच्या बाजूचं. लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या ह्या खाणीच्या गावात आले. गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथंच राहते. नवरा टिपर चालवायचा. खाणीवरचं खनिज नदीवरच्या जेटीला न्यायचा. रस्त्यावर गाड्यांची रांग असायची, लाल धूळ जनेलातून, म्हणजे खिडकीतून, ताटात पडायची. एका उतारावर त्याची गाडी उलटली. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. घरी आणला तेव्हा त्याचं तोंडसुद्धा लाल धुळीनं माखलेलं होतं. मी पुसायला गेले तर बायकांनी मला मागे ओढलं. आधी माझ्या बांगड्या फोडायच्या होत्या.

खाणीच्या गावात विधवा फार. कोणाचा गाडीखाली गेला, कोणाचा दारूनं गेला, कोणाचा खोकून खोकून. आम्ही एकमेकींना ओळखायचो. लग्नात, बारशात सगळ्या मागीलदारीच भेटायचो.

मी परसात अबोली लावली. डिचोलीच्या बाजारात वळेसर विकायला बसू लागले. देवळातही माझे वळेसर जायचे. सगळ्या गावच्या सवाष्णी माझी फुलं माळायच्या. माझ्या केसांत एक कळी दिसली असती तर गाव पेटलं असतं. ह्यात काही वावगं आहे असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही.

वाटायला लागलं ते शाळेतल्या बाईंमुळे. त्या बदलून आल्या होत्या, पेडण्याकडच्या. त्यांनी बायकांचा बचत गट काढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी बैठकीत म्हणाल्या, "ह्या वर्षी गावातल्या सगळ्या बायकांना बोलवायचं. नवरा आहे त्यांना आणि नाही त्यांनाही."

कोणीतरी हळूच म्हटलं, "बाय, हे गावात चलचां नाय."

बाई म्हणाल्या, "चालतं की नाही ते करून बघू."

आम्ही बऱ्याच जणी गेलो. शाळेच्या खोलीत, कदेलांवर, म्हणजे खुर्च्यांवर, बसलो. बाई एकेकीपुढे आल्या. माझ्यापुढे आल्या, कुंकवाचा करंडा पुढे धरला. त्यांनी विचारलं, "लावू?" एवढंच. मी मान हलवली. त्यांचं बोट कपाळाला लागलं आणि शेजारी बसलेली सुभद्राकाकी मोठ्यानं रडायला लागली. तिला तर पुन्हा लग्नाच्या पाटावर नेऊन बसवल्यासारखं झालं होतं. मी रडले नाही. मला राग आला. इतकी वर्षं एवढीशीच गोष्ट होती. बोटभर लाल. ती कोणाच्या बापाची होती?

मी ते कुंकू पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. मग रोज.

पहिल्यांदा कोणी काहीच म्हणालं नाही. भीती त्याचीच वाटायची. पोदेर पाव घेऊन यायचा, सायकलचा भोंगा वाजवायचा, तो आता माझ्या दारापुढून न थांबता जायला लागला. विहिरीवर मी गेले की बोलणं बंद. एक दिवस दारात लिंबू कापून ठेवलेलं. एक दिवस चूल पेटवायला गेले तर मागच्या पायरीवर फुटलेल्या बांगड्यांचा चुरा. हिरवा. झाडून काढला. बोटाला काच लागली. पुन्हा दुसऱ्या आठवड्यात तोच चुरा.

त्याच सुमारास खाणी बंद पडल्या. कोर्टानं थांबवल्या. टिपर दारोदार उभे राहिले, टायरांवर गवत चढलं. जे पुरुष दिवसभर गाडीवर असायचे ते आता देवळाच्या पायऱ्यांवर बसून असायचे. पत्ते खेळायचे, मग भांडायचे, मग गप्प बसायचे. मी बाजाराला जाताना त्या पायऱ्यांवरून एकही माणूस दुसरीकडे बघायचा नाही. सगळे माझ्या कपाळाकडे बघायचे.

मग देवळात कौल लावला. म्हणजे देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते त्यावरून देवाचा होकार-नकार ठरतो. प्रश्न काय विचारला ते मला जावेकडूनच कळलं. ती कुंपणाशी आली. आत आली नाही.

"गावाक कोणाचो दोष लागलो, असा इचारल्यानी," ती म्हणाली. "तुझ्या नावावर पाकळी पडली. रविवारी तुका देवळात बोलावलां हा."

"माझं नाव देवाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

तिनं माझ्या दाराकडे नजर टाकली. मग म्हणाली, "चेडवाचा लगीन करुचा हा मां तुका?"

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. डिचोलीला बसनं जायची. तिनं हे आतून ऐकलं. बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी पण येतंय रविवारी."

मी आधी बाईंकडे गेले. त्यांच्या घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, बदली झाली, सामान टेम्पोतून गेलं. कुठे झाली ते कोणाला नक्की माहीत नव्हतं. शाळेच्या खोलीत ज्या माझ्याबरोबर बसल्या होत्या त्यांच्याकडे गेले. कपाळं सगळ्यांची मोकळी. सुभद्राकाकी दारातच हात जोडून उभी राहिली. "माका नातवंडां असत गो," ती म्हणाली. "माझ्याकडे येव नको." तिचा राग नाही आला.

रविवारी आम्ही दोघी गेलो. मी कुंकू लावून गेले. सभामंडपात पुरुष बसलेले, बायका खांबांच्या मागे. आम्हाला पायरीखाली उभं केलं. देवस्थानचे अध्यक्ष म्हातारे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. आवाज कधी चढवायचे नाहीत. माझ्या नवऱ्याला खाणीवर कामाला त्यांनीच लावलं होतं.

"हे बघ," आबा म्हणाले, "तुका कोण मारूक बोलवक नाय. नारळ ठेव. देवाफुडे नाक घास. म्हण, चुकलंय, परत लावचंय नाय. मगे तू तुझ्या घरी, आमी आमच्या."

पायरीवर नारळ आणून ठेवलेलाच होता. फक्त मी वाकायचं होतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "हिच्या पायी आमच्या पोरांच्या तोंडचा अन्न गेला."

मला बोलता येत नाही फार. चार माणसांत माझा आवाज बसतो. तरी बोलले.

"खाणी कोर्टान बंद केल्यान," मी म्हणाले. "माझ्या कपाळान न्हय. आणि आबा, माझो घोव मेलो तेव्हा खाण चालू होती. तेव्हा दोष कोणाचो, असा देवाक कोणी इचारल्यान?"

आबांनी डोळे मिटून घेतले, मी बोलणं संपवायची वाट बघत असल्यासारखे. नारळ तिथेच राहिला. मी मुलीचा हात धरला आणि वळले. पाठीमागून शिवी आली नाही, दगड आला नाही. आबांचा तोच सावकाश आवाज आला.

"जावंदे. गाव बघीत काय ता."

गावानं बघितलं. दुसऱ्या सकाळी परसात गेले तर अबोलीची रोपं काळी. गाड्यांचं जळकं ऑइल मुळाशी ओतलेलं. माती बोटांना चिकटत होती. एकही वाफा सोडला नव्हता. कोणी घाईत केलेलं काम नव्हतं ते. झाड झाड बघून, सावकाश केलेलं होतं. पोलिसांकडे गेले. तिथला माणूस म्हणाला, "गावचं गावात मिटवा." देवळानं वळेसर घेणं बंद केलं होतंच. बाजारातल्या बायका माझ्या टोपलीजवळ आल्या की पदर सावरून पलीकडे जायच्या. बसमध्ये मुलीच्या शेजारी कोणी बसेना. मागच्या सीटवरून एकजण तिला रोज एकच वाक्य म्हणायचा, "आवशीक सांग, बापाशीवांगडा गेली आसती तर बरा झाला आसता." ती मला सांगायची नाही. तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

ती माती मी खोदून काढली. मायलेकींनी मिळून. नवी माती घातली, नवी रोपं हळर्णहून आणली. आता फुलं म्हापशाला नेते. तिथे माझं गाव कोणाला माहीत नाही.

आणि मग आमच्या वाड्यावर नवी सून म्हणून आलेल्या वैजूचा नवरा गेला. खाणी बंद पडल्यावर तो रेतीची गाडी चालवायचा. तरणा पोर. वैजूच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या सकाळी जाऊ माझ्या दारात आली. कुंपणाशी थांबली नाही ह्या वेळी. सरळ आत आली.

"चल," म्हणाली. "कांकणां फोडूक होयी. सवाष्णीन हात लावक जायना. तुझ्यासारख्यो बाकीच्यो रडतत नुसत्यो."

चुड्याला मी नको. बारशाला नको, ओटीला नको, माझी फुलंसुद्धा नकोत. ह्या एका कामाला मात्र मीच हवी होते. इतके दिवस बोलणं टाकलेल्या बाईला बोलवायला ती स्वतः चालत आली होती, आणि त्यात काही विचित्र आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"येतंय," मी म्हणाले.

मढं अंगणात होतं. वैजू आतल्या खोलीत भिंतीला टेकलेली. रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर पडलेले, जसे कोणाचे तरी दुसऱ्याचे. बायकांनी वाट करून दिली. सुभद्राकाकीच्या हातात दगड होता. तिनं तो माझ्या हातात दिला. जड होता, गुळगुळीत. वाटणाचा असावा.

मी वैजूसमोर बसले. दगड माझ्या मांडीखाली सरकवला. तिचे हात उचलले आणि माझ्या पदरात गुंडाळून घेतले. घट्ट.

थोडा वेळ कोणाला कळलंच नाही. मग जाऊ म्हणाली, "काय करतंस?"

"ह्या पोरीची कांकणां कोणी फोडूची नाय," मी म्हणाले.

कोणीतरी बाहेर धावत गेलं. मग पुरुष आले. दारात एक, जनेलात दोन. उजेड कमी झाला. आबा आले, उंबऱ्यावर काठी टेकून उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले. "मढा खोळंबलां."

मी उठले नाही. वैजूची बोटं माझ्या पदरात हलली. मग त्या बोटांनी माझा हात धरला. तोवर मला वाटत होतं मी एकटीच बसले आहे.

"फुडच्या वेळाक ऑइल झाडांक घालूचंव नाय," मागून एक आवाज म्हणाला. कोणाचा ते मला माहीत आहे. सांगणार नाही. त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

शेवटी मढं तसंच नेलं. वैजूच्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या नाहीत. अजून तिच्या हातात आहेत. सासरच्यांनी तिला मागच्या खोलीत टाकलंय, जेवण दाराशी ठेवतात. मी रोज जाते. मला अडवतात, मी तिथेच उभी राहते, बाहेरून तिच्याशी बोलते. मुलगी कॉलेज सुटल्यावर जाते. आमच्या घराच्या कौलांवर आता अधूनमधून दगड पडतात. दिवसाढवळ्या पडतात. फेकणारे लपतसुद्धा नाहीत.

मी आबांना निरोप धाडलाय. जावेच्याच तोंडून, ती नीट सांगेल म्हणून. ह्या गावात पुढे ज्या ज्या घरात पुरुष मरेल, त्या घरात मी जाणार. बोलावलं तरी जाणार, नाही बोलावलं तरी जाणार. बाईसमोर बसणार आणि तिचे हात धरून ठेवणार. मला उठवायचं असेल तर उचलून न्यावं लागेल. मी चालत जाणार नाही.