दुपारचा चंद्र

आमच्या घरात हट्ट वडिलोपार्जित आहे. आम्ही बापलेक रायपूरहून नागपूरला सायकलनं जाणार, असं बाबांनी ऑफिसात जाहीर करून टाकलं आणि मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. मी तेव्हा अकरावीत होते. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. रोज एक नवा रस्ता खणला जाई, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या होत्या, पण पुरानी बस्तीत आमच्या गल्लीमागची कर्णबधिर मुलांची शाळा होती तशीच गळकी होती. तिथल्या मुलांना कानाची यंत्रं हवी होती. बाबांच्या ओळखीतल्या मराठी मंडळींनी वर्गणी कबूल केली, पण अट घातली की दोघांनी नागपूरपर्यंत पायडल मारतच जायचं. मध्ये कुठे बस किंवा ट्रकमध्ये बसलात, तर वर्गणी विसरा.

बाबांना शुगर होती. निघताना आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यांची गोळी चुकू देऊ नको. तुझ्या भरवशावर सोडून राहिले मी." एकदा घरी जेवण लांबलं तेव्हा बाबा घामानं थबथबले होते, भलतंच बोलू लागले होते आणि आईनं त्यांच्या तोंडात साखर कोंबली होती. म्हणून तिनं पिशवीत ग्लुकोजचा डबाही घातला. शिवाय नागपूरच्या टेकडीच्या गणपतीसाठी घरी खवा आटवून केलेले पेढे. नैवेद्याआधी त्यांचा वासही घ्यायचा नाही, हा तिचा कायदा.

पहिला दिवस भिलाई-दुर्गच्या ट्रकांचा धूर खात राजनांदगावला संपला. बाबांच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी यजमानीणबाईंनी माझ्यासमोर पोह्यांची ताटली ठेवली.

"बाबा, आप?"

"माझं झालं. तू खाऊन घे."

यजमानीणबाई त्यांच्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होत्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले आणि शहाण्या मुलीसारखी निघाले.

बाबांना ट्रकमागचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय. शेरोशायरी, बुरी नजरवाले, सगळं. मला त्याचा भयंकर वैताग येई. राज्याच्या सीमेवरच्या बागनदीच्या अलीकडे जंगल लागलं, दुपार झाली आणि माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात वैताग आलेला नाही. तीन ट्रक गेले होते. बाबांनी एकही वाचला नव्हता.

त्यांची सायकल डावीकडून सरकत रस्त्याच्या मधोमध जात होती. मागून हॉर्न वाजला. मी ओरडले, "बाबा, साइड!" त्यांनी मान हलवली आणि तसेच मधून चालवत राहिले. ट्रक त्यांच्या कोपराला वारा लावून गेला. मी पुढे घुसून त्यांचं हँडल धरलं, दोघांच्या सायकली खडीवर कोसळल्या. माझा गुडघा फुटला. ते मात्र उठलेच नाहीत, मैलाच्या दगडाला टेकून बसले. जानेवारीची थंडी होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"काहून थांबून राहिली? चल. अंधार पडते." सूर्य डोक्यावर होता.

मी पिशवी रिकामी केली. ग्लुकोज नव्हतं. डब्याची जागा पेढ्यांनी घेतली होती. ओझं नको म्हणून बाबांनी तो घरीच काढून ठेवला होता, हे नंतर कळलं. "आपने सुबह क्या खाया?" मी विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा खांदे धरून हलवलं.

"आज संकष्टी आहे ना," ते लहान मुलासारखे म्हणाले. "कडक धरली. काही विघ्न नको यायला."

मला इतका राग आला की रडू फुटलं. विघ्नहर्त्यासाठी उपास, पोटात गोळी आणि वरून सायकल! देव डोळे मिटून बसला असेल तर त्याची तरी काय चूक? मागेपुढे एक घर नव्हतं, दुकान नव्हतं. मी हात दाखवला तरी ट्रकवाले थांबत नव्हते. मी पेढ्यांचा डबा उघडला.

बाबांनी तोंड घट्ट मिटलं. "देवाचं आहे ते. ठेव."

"बाबा, मुँह खोलो!"

"चंद्र निघाल्याबिगर खात नाही मी." त्यांनी माझा हात झटकला. पेढा खडीत पडला. त्यांचे डोळे फिरायला लागले होते, बोलणं जड झालं होतं. बाबा आता इथे या दगडाशी मरणार, आणि मी आईला काय सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ओरडून उपयोग नव्हता. आमच्या घरात ओरडून कधीच कुणी ऐकलेलं नाही.

मी डोळे पुसले. त्यांची हनुवटी वर केली आणि झाडांच्या वर, भर उन्हात बोट दाखवलं. नेहमी हिंदीत उत्तर देणारी मी, आईच्या आवाजात मराठीत म्हणाले, "बाबा, चंद्र निघाला. हात जोडा."

त्यांनी बघितलं. हात जोडले, ओठ हलवले. मग तोंड उघडलं.

मी पेढा पाण्यात भिजवून भिजवून भरवला. एक, मग दुसरा, मग मोजले नाहीत. बऱ्याच वेळानं एक ट्रक गेला आणि बाबा हळूच म्हणाले, "फिर मिलेंगे." मागे तेच लिहिलेलं होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.

ट्रक थांबवून परत जाऊ म्हटलं, तर ऐकतील ते बाबा कसले. तासभर बसून मग आम्ही सायकली हातात धरून पहिल्या ढाब्यापर्यंत चालत गेलो, तिथे त्यांनी माझ्यासमोर भात खाल्ला. पुढे नागपूरपर्यंत त्यांच्या प्रत्येक ताटासमोर मी पोलिसासारखी बसले. टेकडीवर उरलेले पेढे ठेवताना बाबांनी देवाला मोठ्यानं सांगितलं, "काही कमी आहेत. पोट्टीनं आधी मले वाहिले." मुलांना यंत्रं मिळाली. आईला सगळं कळलं आणि आठवडाभर ती बाबांशी बोलली नाही.

आता मी पुण्यात असते. बाबा रिटायर झाले, सायकल गेली, संकष्टी सुटली नाही. दर संकष्टीला दुपारी बारा वाजता, आईनं ताट वाढलेलं असताना, त्यांचा फोन येतो.

"पोट्टी, चंद्र निघाला का?"

मी ऑफिसच्या खिडकीशी जाते. बाहेर लखलखीत ऊन असतं.

"निघाला, बाबा. जेवा."