म्हैसमाळच्या कड्याला न भुललेली नसरीन

म्हैसमाळला लोक थंड हवा खायला जातात. आम्ही दोघी लपवलेला डबा शोधायला गेलो. हौशी रेडिओवाल्यांची ही स्पर्धा: डोंगरात कुठेतरी छोटा ट्रान्समीटर डब्यात घालून दडवतात, आणि अँटेना फिरवत, सिग्नल कुठून येतोय ते ओळखत तिथं पोहोचायचं. पहिली येणारी जोडी हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. नसरीन माझ्याच शाळेत विज्ञान शिकवते. हैदराबादचा तिनं ध्यासच घेतला होता. अँटेनाही तिनंच घरी केलेला, प्लास्टिकच्या पाइपवर मोजपट्टीच्या पोलादी टेपचे तुकडे बसवून. त्यावरून लोक हसलेही होते.

घरून, गारखेड्याहून स्कूटीवर निघालो. दौलताबादच्या दरवाज्यात गाड्या अडकतात, तेव्हा सकाळी लवकर निघा. सीताफळं तिथेच रस्त्याकडेला घ्या. खुलताबादला चहा-भजी, मग घाट. रस्ता बरा आहे, पण पाणी सोबत ठेवा.

वर पोचलो, आणि स्पर्धेची शिट्टी वाजली. अँटेना समोरच्या कड्याकडे धरला की आवाज खणखणीत. बाकी सगळ्या जोड्या तिकडेच पळाल्या. मीही निघाले, तर नसरीननं बाही धरली.

"सबर कर. कड्यावर आपटूनबी येतो सिग्नल. जागा बदलून बघू."

"ते पोचतील की गं तोवर."

"पोचू दे."

थोडं चालून तिनं पुन्हा अँटेना फिरवला. कड्याकडचा आवाज आता डावीकडे सरकला होता. आणखी पुढे गेलो तर जवळजवळ विरलाच. पाठीमागून मात्र एक बारीक आवाज येत होता, आणि तिन्ही जागांवरून तो एकाच टेकाडाकडे बोट दाखवत होता.

"मधी टेकाड हाय म्हणून बारीक येतोय," ती म्हणाली. "पण जागचा हलत नाय बघ."

सगळ्यांकडे पाठ करून आम्ही चढायला लागलो. मी सारखी मागे वळून बाकीच्यांकडे बघत होते, ती मात्र शांत. टेकाड ओलांडलं आणि आवाज एकदम मोठा झाला. करवंदीच्या जाळीत प्लास्टिकचा डबा होता, आणि आमच्याआधी तिथं कुणीच पोचलं नव्हतं. नसरीन त्याच्याशेजारी मटकन बसली आणि रडली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठीच मारली.

घरी आल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "दोघी एवढ्या उन्हात डब्यापायी गेल्या व्हत्या?" मी सगळं सांगितलं. जरा वेळानं त्या जिन्यात शेजारणीशी बोलताना ऐकू आल्या, "अवं, आमची नसरीन हैदराबादला चाललीय. सगळे एकीकडं पळाले, ही नाय पळाली."