दारातल्या उजेडात निवडलेला फोन

फोन घ्यायचा असेल तर आधी मला विचारायचं, असा आमच्या खासबागच्या गल्लीत अलिखित नियम आहे. मी बेळगावातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सासर अनगोळला, माहेर खासबागला, मध्ये स्कूटरची दहा मिनिटं, त्यामुळे दोन्हीकडच्या गल्ल्यांचे फोन माझ्याच सल्ल्याने येतात. कुणी मला न विचारता फोन आणला आणि तो महिन्याभरात तापायला लागला, तर मला मनातून बरं वाटतं. हा स्वभाव चांगला नाही, ठाऊक आहे. पण सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण ज्या एका फोनच्या बाबतीत मी सपशेल आपटले, तो मी माझ्या आईसाठी निवडला होता.

माझ्या माहेरी विजेवर चालणारे दोन माग आहेत. आप्पा साड्या विणतात, पण कुठल्या रंगाच्या उभ्या धाग्यावर कुठल्या रंगाचा आडवा धागा घालायचा, हे आई ठरवते. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून तीच ठरवते. आमच्याकडे धूपछाव साडी होते. उभा धागा निळा आणि आडवा लाल असला, की साडी एका अंगाने निळसर दिसते, दुसऱ्या अंगाने लालसर, आणि चालताना मधूनच जो रंग उमटतो त्याला धड नाव नसतं. तो रंग विणायच्या आधीच डोळ्यांपुढे यावा लागतो. आप्पांना तो येत नाही. मला तर त्यातलं काहीच कळत नाही. आई दोन कांड्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या दोन नळ्या, घेऊन दारात जाते, एकीवर एक धरून फिरवते आणि आत येऊन सांगते, "जमतंय, घाला." ट्यूबलाइटखाली तिने आजवर एकही रंग पास केलेला नाही. सकाळी दहाच्या सुमाराला, दारात, सावलीच्या कडेला बसूनच बघायचं.

काही वर्षांपूर्वी ती फोटो पाठवून थेट गिऱ्हाइकांना साड्या विकू लागली. त्यासाठी मीच तिला एक मध्यम किमतीचा फोन घेऊन दिला होता. त्याने तीन वर्षं इमानेइतबारे काम केलं आणि एक दिवस तो धाग्याला लावायच्या खळीच्या बादलीत पडला. खळ धुऊन, पुसून, तांदळाच्या डब्यात ठेवून झालं, पण तो काही उठला नाही. मग मी जोरात कामाला लागले. कॅमेऱ्यांची तुलना केली, दहा ठिकाणी वाचलं आणि चांगला महागातला, ताजा निघालेला फोन आणला. पहिला फोटो आईचाच काढला. तिने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "ही कोण गं? माझी धाकटी भन?" फोनने तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या परस्पर पुसून टाकल्या होत्या. आम्ही पोट धरून हसलो. मला तेव्हाच शहाणपण यायला हरकत नव्हती.

साड्यांचे फोटो तर असे आले की गल्लीतल्या बायका फोन हातातून सोडेनात. आईच्या ऑर्डरी वाढल्या. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. आणि मग साड्या परत यायला लागल्या.

पहिली गडहिंग्लजहून आली. दुसरी परत आली ती कोगनोळीच्या बाईंकडून, आणि ती जिव्हारी लागली. या बाई निवृत्त शिक्षिका, आईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास होत नाही, म्हणून सगळी खरेदी फोटो बघून. त्यांनी फोन करून सरळ सांगितलं, "वैनी, फोटोत डाळिंबी बघिटलं आणि पिशवीतनं निघाला चिंचंचा कोळ. असं कसं वो?" आई फोनवर नुसती "व्हय बाई, व्हय बाई" करत राहिली. त्यानंतर आणखी दोन परत आल्या.

फोनवर कुणाचाच संशय गेला नाही, माझा तर नाहीच नाही. आईचा संशय स्वतःवर गेला. ती एकच कांडी चार चारदा दारात नेऊन बघायला लागली. आप्पांना विचारायला लागली, "हे तांबडंच हाय न्हवं?" आयुष्यात तिने त्यांना रंग विचारला नव्हता. आप्पाही गोंधळले. एका रविवारी करंट गेला आणि माग थांबले, तेव्हा ती मला म्हणाली, "डोळ्याच्या डाक्टरला दाखवू या काय गं? माझं डोळं गेलंत वाटतंय."

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची किंचित सुरुवात आहे, पण रंग ओळखण्यात काही फरक नाही, वयाच्या मानाने डोळे छान आहेत. आईला ते पटलं नाही. "एक बाई चुकंल, दोन चुकतील. चौघीजणी कशा चुकतील?" घरी येऊन तिने आप्पांना सांगितलं की आता आपण व्यापाऱ्यालाच माल देऊ, रंगही त्यालाच ठरवू दे. तो देईल तो धागा घालायचा आणि मोकळं व्हायचं. त्या संध्याकाळी ती कांड्या भरत बसली होती, पण एकाही कांडीच्या रंगाकडे बघत नव्हती. मला ते पाहवेना.

पुढच्या रविवारी सकाळी मी तिच्या फोनवरून कोगनोळीच्या बाईंना माफीचा निरोप लिहायला बसले. त्यांची परत आलेली साडी दारातच उन्हाला टाकली होती. निरोप लिहिताना वर, आधी पाठवलेला त्याच साडीचा फोटो दिसला, आणि त्याच्या पलीकडे ती साडी. मी फोन साडीवर ठेवला. दोन वेगळ्या साड्या होत्या त्या. फोटोतली लालभडक, चकचकीत, सगळीकडून एकसारखी. खाली पसरलेली खोल, शांत, घडीगणिक बदलणारी. फोनने आईच्या चेहऱ्याचं जे केलं होतं, तेच साडीचं केलं होतं. त्याने ती त्याच्या मते सुंदर केली होती.

आता मी काय करावं? मी गप्प बसले. लाज वाटते, पण दोन दिवस गप्प बसले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरून एकेक गोष्ट बंद करत राहिले. थोडा फरक पडला, पण धूपछावीचा खेळ काही त्याच्यात येईना. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट खासबागला गेले आणि आईला सगळं सांगितलं. फोन चुकीचा आहे, तो मी आणला, आणि हे मला दोन दिवसांपासून माहीत आहे.

ती ओरडेल म्हणून मी तयार होते. तिने हातातली कांडी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे माझं डोळं हाईत?"

"आहेत आई. छान आहेत."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आदीच सांगायचं की गं, येडे." एवढंच. मी मात्र चांगली रडले.

डोळे पुसून झाल्यावर तिने फर्मावलं, "तसलाच पयला फोन आण." इथे माझ्यातली कॉम्प्युटरची बाई पुन्हा जागी झाली. मी तिला समजावलं, तो निघून चार वर्षं झाली, आता तो कुणी घेत नाही, कंपनी त्याला नवीन अपडेट देत नाही, बँकेचं काम त्याच्यावर करणं धोक्याचं, खोक्यात पडून पडून बॅटरी मेलेली असेल. आई ऐकून घेत होती. मग मागांकडे हनुवटी करून म्हणाली, "ह्यास्नी कोण अपडेट देतंय?" आप्पांना तेवढं बरोबर ऐकू आलं. ते हसले.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे त्या मॉडेलचा एक पीस राहिला होता. मी आईला घेऊन तिथे गेले. त्याने खोक्यावरची धूळ फुंकरून मला विचारलं, "मॅडम, तुम्ही हा घेणार?" त्याच्या आवाजातल्या आश्चर्याने मी ओशाळले. मी त्याच किमतीतले दोन नवे फोन काऊंटरवर मांडायला लावले आणि आईला त्यांचे गुण सांगू लागले. आईने माझं बोलणं मध्येच थांबवलं, पिशवीतून एक वीतभर धूपछावीचा तुकडा आणि दोन कांड्या काढल्या, आणि म्हणाली, "आण्णा, तिन्ही फोन भाईर दारात आणा."

दुकानदार बिचारा तिन्ही फोन घेऊन पायरीवर आला. जुना फोन पूर्ण मेलेला. तो चार्ज होईपर्यंत अर्धा तास आम्ही तिथेच चहा पीत बसलो. तेवढ्यात आईने सावलीची कड हेरून तुकडा पायरीवर अंथरला. मग एकेका फोनने दोन दोन फोटो काढायला लावले, एक या अंगाने, एक तुकडा वळवून. प्रत्येक फोटो तुकड्याशेजारी धरला, मान तिरकी केली, पुन्हा धरला. दोन्ही नव्या फोनांत तुकडा इकडून जांभळा आणि तिकडूनही जांभळाच. जुन्याने इकडून निळसर दाखवला, वळवल्यावर लालसर. जरा मंद, जरा मळकट, पण तोच.

दुकानात फोन घेताना मी शेकडो प्रश्न विचारलेत. समोरची वस्तू खरी दिसते का, हा एक कधीच विचारला नव्हता. त्या पायरीवर माझी आई उकिडवी बसून फोनची परीक्षा घेत होती, येणारी जाणारी माणसं थांबून बघत होती, आणि माझी छाती फुगली होती. असा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही हुशारीचा वाटलेला नाही.

"ह्योच द्या," ती म्हणाली. मी तोंड उघडण्याआधीच माझ्याकडे वळली. "बँकेचं तू आणल्याल्या त्या नव्यावर करीन, आनि बोलायचं बी. ह्यो निस्ता फोटूला." माझ्या सगळ्या शंकांचं उत्तर तिने एका वाक्यात देऊन टाकलं.

पण अजून कोगनोळीच्या बाई होत्या. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, घरच्या बायकांसाठी अकरा साड्या हव्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, एक साडी आधी पाठवा, रंग चुकला तर आम्ही दुकानातनं घेतो. आईने निळी-लाल धूपछाव साडी निवडली, जुन्या फोनने दोन फोटो काढून पाठवले. बाईंचं उत्तर आलं, "वैनी, पहिल्यासारखं झळकत नाही. मंद वाटतंय." माझ्या मनात आलं, नव्या फोनचाच एक फोटो पाठवून द्यावा. आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बाईंना सांगितलं, "हाय तसंच दावलंय, बाई. मी घिऊनच येतो, हातात धरून बघा."

निपाणीपर्यंत बस, तिथून वडापची जीप. मांडीवरची पिशवी आईने एकदाही खाली ठेवली नाही. बाई दारातल्या खुर्चीत वाटच बघत होत्या. पाणी झालं, आणि आईने त्यांना खुर्ची जरा सावलीच्या कडेला सरकवायला सांगितली. बाईंनी साडीची घडी मोडली. फोन काढून फोटो शेजारी धरला. साडी वळवली, फोनवर दुसरा फोटो उघडला, पुन्हा वळवली. मी आईकडे पाहिलं तर ती साडीकडे नाही, बाईंच्या डोळ्यांकडे बघत होती.

"तंतोतंत," बाई म्हणाल्या. "फोन बदलला व्हय?"

"माझ्या लेकीनं निवडून दिला," आई म्हणाली. "ती साळंत कॉम्प्युटर शिकवती. तिला लई कळतंय त्यातलं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ते कौतुक मुकाट्याने खिशात घातलं असतं. पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "नाही हो बाई. मी निवडलेला फोन खोटा निघाला. त्याच्यापायी ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. व्यापाऱ्याला माल द्यायला निघाली होती. आणि खरं कळल्यावरही मी दोन दिवस बोलले नाही. हा फोन तिने निवडला. दुकानाच्या पायरीवर बसून, कांड्या लावून."

आई म्हणाली, "आगं, गप." बाईंना आपण परत पाठवलेली साडी आठवली असावी. मग त्यांनी आपला फोन बंद करून खुर्चीशेजारी ठेवला.

"वैनी, अकराच्या अकरा तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "रंग तुमचं तुम्ही ठरवा. मला फोटो पाठवायचं काय कारण न्हाय."

निरोप घेऊन आम्ही वडापात बसलो, निपाणीला बस धरली. बस सुटल्यावर मी म्हटलं, "बघ, फोन घेतला आणि त्यांना फोटोच नकोत." ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "नवरीच्या सासूला आमसुली, त्येच्यावर हिरवं मारायचं. धाकट्या जावंला अंजिरी. एक मोरपंखी, पर लाल न्हाय, गुलाबी घालून…" मी घाईघाईने फोन काढून लिहून घ्यायला लागले.

"लिहू नगंस," ती म्हणाली. "मला दिसतंय."

बेळगाव येईपर्यंत तिचे अकराही रंग सांगून झाले होते.