धोंडीबाचे दम

धोंडीबा धनगर अंतर कधी कोसात सांगत नसे, दमात सांगे. एका श्वासात 'हुतूतू' म्हणत माणूस जेवढं पळेल, तेवढा त्याचा एक दम. "हीर इथून दोन दम," तो म्हणे. कुणी हसलं तर वर, "पळून बगा की!" त्याचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं, आणि जत्रेतल्या हुतूतूसाठी गावं बाहेरचे गडी मोल ठरवून आणत. सोनपेठनं धोंडीबाला आणलं होतं. सोनपेठ जिंकलं, तर तिथल्या एका जमीनदाराचं कुरण उन्हाळाभर त्याच्या मेंढरांना मोकळं, हे त्याचं मोल. डावाआधी त्यानंच मला हे कौतुकानं सांगितलं. "लय चारा हाय तितं. यंदा एकबी मेंढरू मरायचं न्हाई." मी पेडगावचा गडी, वीस वर्षांचा आणि भलताच शेफारलेला. मी हसून मांडीवर थाप मारली.

सामना राणीसावरगावच्या जत्रेत होता. बाद झालेला गडी परत येत नसे. आमचे आठ बघता बघता बाद झाले. मी एकटा उरलो, समोर चौघे. लोक धोतराची माती झटकून निघू लागले होते. मी चढाईला गेलो आणि चौघेही अंगावर पडले. धोंडीबाची मिठी गळ्याशी, त्याचा कान माझ्या तोंडाशी. दम न तोडता मधली रेघ गाठली, तर धरणारे सगळे बाद. मी मातीत नखं रोवत सरकत राहिलो. रेघ वीतभर राहिली आणि माझा दम सुटला. मी चटकन नवा श्वास ओढला, पुन्हा 'हुतूतू' सुरू केलं आणि रेघेला बोट लावलं. चौघे एकदम बाद! हरलेला डाव पेडगावनं जिंकला.

"दम तुटला!" सोनपेठकर ओरडले. पंचांनी शपथेसाठी खंडोबाचा भंडारा मागवला. मी तो तळहातावर घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "तुटला न्हाई."

पंच धोंडीबाकडे वळले. "तुजा कान ह्याच्या तोंडाशी हुता. तू सांग."

त्यानं माझ्या तळहातावरच्या भंडाऱ्याकडे पाहिलं. "त्यानं भंडारा उचललाय. आता मला काय इचारायलाव?"

भंडारा उचलला की धनगराच्या लेखी वाद मिटला. मला हे ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर मी हात पुढे केला होता.

लोकांनी मला खांद्यावर नाचवलं, हातात चांदीचं कडं घातलं. धोंडीबा एका बाजूला बसून पागोटं बांधत होता. त्या उन्हाळ्यात त्याची निम्मी मेंढरं गेली. ते कळलं त्या दिवशी मी कडं काढून ठेवलं, पण तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती, आणि गावातली वाहवाही सोडवत नव्हती.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर कुठे मी कडं घेऊन सोनपेठच्या माळावर त्याला शोधत गेलो. "मामा, माजा दम तुटला हुता," मी म्हणालो.

त्यानं कड्याला हातही लावला नाही. "मला कशाला सांगायलास? ज्याचा भंडारा उचललास, त्याला सांग." मग मेंढीचं दूध काढून पेला माझ्यापुढे धरला. ते पिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सडक किती लांब हाय?"

त्यानं डोळे बारीक करून माळाकडे पाहिलं. "माजे तीन दम," तो शांतपणे म्हणाला. "तुजे चार धर."