नणंदेचं ‘न्हाय’

माझ्या मोठ्या नणंदेच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या थंडीत भिवंडीत झालं. ती अंबाडीच्या पुढे गावात एकटी राहते. तिला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मानकोलीच्या गोदामातलं काम अर्ध्यावर टाकून मीच गेले. डॉक्टरांनी थेंबांच्या बाटल्या दिल्या आणि चुलीपुढे अजिबात बसायचं नाही, असं तिला बजावलं.

सासरच्या माणसांत पाहुण्याला ‘राहता का’ असं कोणी विचारत नाही. त्याच्या हातातली पिशवी काढून घेतात आणि आत नेऊन ठेवतात. पाहुणा न्हाय न्हाय करतो, उठतो, परत बसतो आणि राहतो. हे मी कितीदा तरी पाहिलंय, स्वतः केलंयही.

दवाखान्याच्या दारात मी विचारलं, “ताई, आमच्याकडे राहता का?”

“न्हाय गो, कशाला तुला ताप? घरी कोंबड्या हायत.”

पिशवी धरून ती तशीच उभी राहिली. मी “बरं” म्हटलं आणि अंबाडीची जीप थांबवली. थेंब कधी घालायचे ते समजावलं, ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्याने ताई कुठे म्हणून विचारलं. नको म्हणाल्या, असं मी सांगितलं.

“आणि तू ऐकलंस?” तो म्हणाला. “माझं तर कधी ऐकत नाहीस.”

माणसाने हवं ते सरळ बोलावं, मला मनातलं ओळखता येत नाही, असं मी त्याला सुनावलं. ते खोटं होतं. ट्रकवाला फोनवर ‘पोचलोच’ म्हणतो तेव्हा तो अजून कोन गावापर्यंतही आलेला नसतो, हे मला बरोबर कळतं. नणंदेचंही कळलं होतं. मला तिचं पथ्यपाणी करायचं नव्हतं, आणि तिच्या ‘न्हाय’ने माझी सोय झाली.

रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढे होती, डोळा लालभडक. शेजारीण आली आणि मलाच विचारू लागली. कोंबड्या तिच्या ताब्यात देऊन, भावाकडे राहून येते असं सांगून नणंद गेली होती. मग अशी लगेच कशी परतली? तुम्ही ठेवून नाही घेतलं?

नणंदच म्हणाली, “मीच न्हाय बोलली. ती तर किती मागं लागली व्हती.”

नवरा माझ्याकडे बघत राहिला. शेजारणीने चार माणसांत माझी कानउघाडणी केली असती तरी परवडलं असतं. मी उठले, दोरीवरची तिची लुगडी काढून घड्या घालू लागले आणि आताच्या आता चला म्हणाले. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणाले, हात धरला, खरोखरच मागे लागले.

तिने हात सोडवून घेतला. कोनाड्यातल्या थेंबांच्या बाटल्या उचलल्या आणि शेजारणीच्या हातात दिल्या.

“हीच घालंल,” ती म्हणाली, आणि आमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला चुलीकडे वळली.